अडीच गुंठे, तेही जूनअखेर

इंग्लंडात भाजी पिकवायला पालिका देते ती जमीन आजही ‘रॉड’मध्ये मोजतात. पूर्ण तुकडा दहा रॉडांचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. लोकांनी मागणी केली की पालिकेने अशी जमीन पुरवायची, हे १९०८च्या कायद्याने ठरलं. पण खरा जोर आला तो पहिल्या महायुद्धात, उपासमारीच्या धास्तीने. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या. डिसेंबर १९१६मध्ये पडीक जागा ताब्यात घेऊन लागवडीला द्यायची मुभा पालिकांना मिळाली आणि १९१८पर्यंत तुकडे पंधरा लाखांच्या घरात गेले. पुढच्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ची, म्हणजे ‘विजयासाठी खणा’ची, हाक आली ती ऑक्टोबर १९३९मध्ये, पेरणीचा हंगाम सरल्यावर! सरकारी मुहूर्त, दुसरं काय?

मला लेस्टरमध्ये तुकडा मिळाला तोही जूनअखेर. बटाट्याची वेळ गेलेली, गवताची पांढरी मुळं वीतभर खोल. सगळं खणत बसले नाही. चार हात जागा मोकळी करून घेवडा टोकला, बीट पेरलं, कडेने मेथी फेकली. आठवड्याच्या आत मेथी वर आली.

उशिरा जागा मिळाली म्हणून नाकारू नका. बीट जुलैतही पेरता येतं, मेथीला तर ऑगस्टही चालतो.