पोचा भरायचा की काढायचा?

पुट्टीविना मोटारीचा पत्रा सरळ करण्याचे पारंपरिक तंत्र

तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड) : बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मोटारीच्या पत्राकामातील सर्वांत अवघड तत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडविलेली असते. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापविली, की प्रसरण पावते आणि चाकावर बसते. लगेच त्यावर पाणी ओतले, की ती आकसते आणि चाकाचे सारे सांधे आवळून धरते. उसाच्या फडाकडे जाणाऱ्या गाड्यांचा जिल्हा म्हणून बीडची ओळख आहे. त्वरितादेवीच्या मंदिरामुळे परिचित असलेल्या तलवाड्यासारख्या गावांत लोहार आणि सुतार यांच्या जोडीने होणारे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. गाड्यांना रबरी टायर आले, तशी धाव मागे पडली. लोखंड तापवून आवळण्याची ती विद्या मात्र टिकून आहे. तिचा मुक्काम आता डेंटिंगच्या गॅरेजमध्ये आहे.

शहरातील मोटारमालकाला हे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. गाडीला पोचा पडला, की तो दोन मार्गांनी नाहीसा करता येतो. पहिला मार्ग म्हणजे खड्डा कसाबसा वर ओढायचा, उरलेली खोली पुट्टीने भरायची, घासायची आणि रंग मारायचा. दुसरा मार्ग म्हणजे धातू मूळ जागी परत न्यायचा. रंगाचा शेवटचा हात बसल्यावर दोन्ही कामे सारखीच दिसतात. फरक कळतो तो दोन-तीन पावसाळ्यांनंतर किंवा गाडी विकायला काढल्यावर.

पुट्टीच्या आत काय असते?

गॅरेजमधील पुट्टी ही पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची भुकटी यांचे मिश्रण असते. त्यात हार्डनर मिसळला, की काही मिनिटांत ती घट्ट होते. पॉलिएस्टर पुट्टी १९५० च्या दशकापासून प्रचारात आली आणि काम झटपट होत असल्याने जगभर पसरली. सरळ केलेल्या पत्र्यावर एक-दोन मिलिमीटरचा पातळ हात फिरविणे हा काही गुन्हा नव्हे. आडवळण सुरू होते ते बोटभर खोल खड्डा पुट्टीने बुजविला जातो तेव्हा.

पत्रा आणि पुट्टी उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. मराठवाड्यातील उन्हाळ्यात बंद गाडीचा पत्रा हात लावू न देण्याइतका तापतो आणि रात्री थंड होतो. थर जितका जाड, तितका दोहोंमधील सांध्यावर ताण अधिक. त्यात खडबडीत रस्त्यांच्या हादऱ्यांची भर पडते. शिवाय पुट्टी सच्छिद्र असते. आपल्याकडे ती बहुधा पाणी लावून वॉटर पेपरने घासली जाते. ते पाणी पूर्ण सुकण्याआधी रंग मारला, तर ओल पत्र्यापर्यंत पोहोचते आणि गंज आतून सुरू होतो. प्रथम रंगाला बारीक फोड येतात, नंतर तडा जातो आणि एके दिवशी पुट्टीची खपली हातात येते. खाली तोच जुना खड्डा असतो, आता गंजलेला.

पोच्याचे वाचन

जुन्या पद्धतीचा कारागीर हातोडी उचलण्यापूर्वी पोचा वाचतो. प्रत्यक्ष मार बसलेली जागा सहसा लहान असते. तिच्याभोवतीचा मोठा भाग केवळ तिच्या ओढीने आत गेलेला असतो. या दोहोंच्या सीमेवर पत्रा दुमडून कडा उभ्या राहतात. धातू वाकला, की वाकल्या जागी तो अधिक कडक होतो. तार एकाच ठिकाणी पुन:पुन्हा वाकविली, की ती ताठर होऊन अखेर तुटते, हा सर्वांचा अनुभव आहे. पोच्याच्या कडाही अशाच कडक झालेल्या असतात आणि मधल्या मऊ पत्र्याला आत अडकवून ठेवतात.

म्हणूनच खड्ड्याच्या तळाशी आतून जोराने ठोकणे ही नवशिक्याची चूक ठरते. अडकविणाऱ्या कडा तशाच राहतात आणि मधला पत्रा मात्र ताणला जातो. नियम असा, की मार ज्या क्रमाने बसला त्याच्या उलट क्रमाने तो उलगडायचा. जी घडी शेवटी पडली, ती आधी सोडायची. बाहेरच्या कडा हलक्या हाताने बसविल्या, की बऱ्याचदा मधला भाग 'टक्‌' असा आवाज करीत जवळजवळ आपोआप वर येतो.

हातोडी आणि डॉली

या कामाची मुख्य हत्यारे दोनच. एक सपाट, गुळगुळीत तोंडाची हलकी हातोडी आणि दुसरी मुठीत मावणारी लोखंडी डॉली. डॉली म्हणजे हातात धरायची छोटी ऐरणच. तिच्या कडा वेगवेगळ्या गोलाईच्या असतात आणि पत्र्याच्या मूळ वळणाशी जुळणारी कड निवडावी लागते.

ठोकण्याचे प्रकारही दोन. पहिल्यात डॉली पत्र्याच्या आतून खड्ड्याखाली दाबून धरतात आणि बाहेरून हातोडी मात्र शेजारच्या उंचवट्यावर मारतात. घाव बसताच उंचवटा खाली जातो आणि डॉलीच्या रेट्याने खड्डा वर येतो. यात पत्रा जागेवर येतो, पण ताणला जात नाही. दुसऱ्यात हातोडी आणि डॉली समोरासमोर येतात आणि पत्रा मध्ये चेपला जातो. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण प्रत्येक घावाने पत्रा कणभर पातळ होऊन पसरतो. म्हणून बराचसा डाव पहिल्या प्रकाराने संपवायचा आणि दुसरा केवळ शेवटी, हलक्या घावांसाठी राखायचा, ही या विद्येतील शिस्त आहे. दारासारख्या पोकळ भागात हात जात नसेल, तर कमानपाट्याच्या तुकड्यापासून घडविलेला लांब 'चमचा' आत सरकवितात.

ही शिस्त महाराष्ट्राला परकी नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याचे बंब, घंगाळी आणि घागरी घडविताना शेवटी जे मठारकाम होते, ते याच जातीचे. मठारताना एकमेकांलगत पडणारे हातोडीचे ठसे भांड्याला शोभा देतात, हे सर्वांना दिसते. त्याच घावांनी मऊ तांबे कडक होऊन भांड्याला बळकटी येते, हे कमी जणांना ठाऊक असते. तांबट आणि डेंटर यांच्यात फरक इतकाच, की तांबट आपले ठसे अभिमानाने मागे ठेवतो आणि डेंटरला ते पुसून टाकावे लागतात.

ताणलेला पत्रा आवळताना

जोराचा मार बसलेला पत्रा ताणला जातो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ वाढते. तेवढ्याच चौकटीत जास्त पत्रा मावत नसल्याने तो फुगतो. अंगठ्याने दाबला तर डब्याच्या झाकणासारखा आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. अशा ठिकाणी हातोडी हरते, आणि धावेचे तत्त्व कामी येते.

पोलादाची एक मीटर लांबीची पट्टी १०० अंश सेल्सिअसने तापविली, तर सुमारे १.२ मिलिमीटरने वाढते. फुगवट्याच्या माथ्यावर रुपयाच्या नाण्याहून लहान ठिपका गॅसच्या बारीक ज्योतीने लाल केला, तर तो ठिपकाही पसरू पाहतो. भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मग मऊ झालेला तो ठिपका स्वत:तच दाटून जाड होतो. त्याच क्षणी आतून डॉली टेकवून त्याच्या कडेने हलके घाव घालायचे आणि लाली उतरताच ओले फडके दाबायचे. थंड होताना ठिपका आकसतो आणि चारी बाजूंनी पत्रा आवळून घेतो. असे एक-दोन ठिपके पुरतात. जास्त झाले, तर पत्रा उलट्या दिशेने ओढला जाऊन पिळवटतो. ज्योत किती वेळ धरायची, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा डोळ्यालाच अधिक कळते. आतून अस्तर, वायरिंग किंवा इंधनाची नळी असेल, तर ती काढल्याशिवाय ज्योत जवळ न्यायची नाही, हा नियम मात्र डोळ्यावर सोडता येत नाही.

यानंतर येते कानस. पृष्ठभागावरून ती हलकी फिरविली, की उंच जागा चकाकतात आणि खोलगट जागा काळ्या राहतात. काळा ठिपका आतून टोकदार हातोडीने अलगद उचलायचा आणि पुन्हा कानस फिरवायची. येथे कानस खोड काढते, धातू काढणे हे तिचे काम नव्हे. आजच्या मोटारींचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाड असतो. तो घासून सपाट करू पाहणारा कारागीर काही मिनिटांत त्याला कागद करून ठेवील.

पुट्टीपूर्वीची कल्हई

पुट्टी नव्हती, तेव्हा ज्या जागी हातोडी पोहोचत नसे, तेथे शिसे आणि कथील यांचा मिश्रधातू भरीत. साधारण ७० टक्के शिसे आणि ३० टक्के कथील असलेला हा धातू १८३ अंशांना मऊ पडू लागतो, पण पूर्ण पातळ होण्यास त्याला आणखी बरीच उष्णता लागते. मधल्या अवस्थेत तो लोण्यासारखा राहतो आणि लाकडी पट्टीने त्याला हवा तो आकार देता येतो. त्यापूर्वी पत्रा लख्ख घासून त्यावर कथलाचा पातळ थर चढवावा लागे. पितळी भांड्याला कल्हई करणाऱ्याची हीच रीत आहे. हे भरण पत्र्याशी धातूचे नाते जोडत असल्याने दशकानुदशके टिके. मात्र शिशाची धूळ आणि वाफ विषारी असल्याने ही पद्धत मागे पडली. जुन्या मोटारींचे जतन करणारे आज त्याऐवजी शिसेविरहित मिश्रधातू वापरतात.

विम्याचा हिशेब

पत्रा दुरुस्त करण्याऐवजी बदलून टाकण्याकडे आज मोठ्या वर्कशॉपचा कल असतो. सुटा भाग तयार मिळतो आणि वेळ वाचतो. पण ग्राहकाने आपला हिशेब मांडायला हवा. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमधील कोष्टक आजही साध्या पॉलिसींमध्ये वापरले जाते. त्यानुसार बदललेल्या धातूच्या भागावर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापला जातो. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर १० टक्के, तीन ते चार वर्षांची असेल तर २५ टक्के, पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के आणि त्याहून जुनी असेल तर ५० टक्के. ही रक्कम ग्राहकाच्या खिशातून जाते. पोचा काढण्याच्या मजुरीवर असा घसारा लागत नाही. 'झिरो डेप्रिसिएशन' संरक्षण घेतले नसेल, तर जुन्या गाडीच्या मालकाला कुशल डेंटर हा नव्या दारापेक्षा स्वस्त पडू शकतो. शिवाय कारखान्यात बसविलेला मूळ पत्रा आणि त्यावरील गंजरोधक लेप शक्य तेवढा जागेवर राहतो.

मर्यादा ओळखायला हव्यात

परंपरेचा अभिमान बाळगताना एक इशारा आवश्यक आहे. वर सांगितलेले तंत्र बाहेरच्या साध्या पोलादी पत्र्यासाठी आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप ठरलेली प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर यांच्या जाड पत्र्यावर ज्योत मुक्तपणे चाले. आजच्या मोटारींचे दाराजवळचे खांब आणि खालच्या पट्ट्या अतिशय मजबूत, खास प्रक्रिया केलेल्या पोलादाच्या असतात. अपघातात प्रवाशांभोवतीचा सांगाडा शाबूत राहावा, यासाठीच ही रचना असते. असे पोलाद तापविले तर त्याची ताकद ओसरते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. तेथे कंपनीच्या सूचनेप्रमाणे भाग बदलणे हाच सुरक्षित मार्ग होय. ॲल्युमिनियमचे बॉनेट तापल्यावर लाल होत नाही, थेट वितळते, म्हणून त्याला वेगळे हात लागतात. प्लॅस्टिकच्या बंपरचा या विद्येशी संबंधच नाही.

याउलट रंगाला तडा गेलेला नसेल, तर हातोडी आणि ज्योत दोन्ही टाळता येतात. पत्र्यामागे लांब पोलादी सळ्या घालून पोचा कणाकणाने दाबून काढण्याची पद्धत आता मोठ्या शहरांत रुळली आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला झोडपणाऱ्या गारपिटीसारख्या प्रसंगी टपावर पडणारे लहान गोल पोचे या पद्धतीला विशेष मानवतात. यातही तत्त्व तेच आहे. आधी कडा सोडवायच्या, मग तळ उचलायचा.

शिकू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत शीट मेटल वर्कर आणि मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर हे व्यवसाय आहेत. प्रमाणपत्र तेथे मिळते, हात मात्र गॅरेजमध्येच बसतो. ज्याला पुट्टीचा डबा पहिल्या दिवसापासून हाताशी मिळाला, त्याचा हात बसण्याची शक्यता कमी.

कसे ओळखाल?

* पातळ फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जाड पुट्टीवर ते सैल पडते. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकवर ही परीक्षा चालत नाही.
* बोटाच्या पेराने ठोकून पाहा. मोकळा पत्रा खणखणतो, पुट्टीखालचा आवाज बोदा येतो.
* जुनी गाडी घेताना रंगाची जाडी मोजणारे यंत्र मागवा. कारखान्यातील रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. आकडा एक हजाराच्या पुढे गेला, तर खाली पुट्टी आहे असे समजावे.
* तिरप्या उजेडात गाडीच्या कडेला बसून प्रतिबिंब पाहा. खिडकीच्या चौकटीची रेघ जेथे लाटेसारखी हलते, तेथे काम झालेले आहे.

या परीक्षा रंग झाल्यानंतरच्या. त्यांच्याही आधीची आणि सर्वांत सोपी परीक्षा काम देतानाच ठरवून घेता येते. "प्रायमर मारण्यापूर्वी मला पत्रा दाखवा," असे गॅरेजवाल्याला सांगावे आणि त्या दिवशी खरोखर जाऊन, डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा चढउतार तळहाताला कळतो. ज्याने धातू जागेवर आणला आहे, तो कारागीर हा पत्रा दाखवायला आनंदाने तयार होतो.