हिंगोलीचा हरीसिंग आणि नात्यांचा नकाशा

१/ हिंगोलीत निजामाच्या फौजेची छावणी होती. तिथे हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. निजामाच्या चाकरीतील इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांचेही त्याच्याशी व्यवहार होते. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडून परवाना घेतला.

२/ कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते. हरीसिंगाने त्याला नोकरचाकरांसह ठार केले आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत उघडपणे विकला. तो ठगांचा म्होरक्या होता, हे पकडल्यावर त्यानेच सांगितले. टेलर यांनी १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’च्या प्रस्तावनेत ही हकीकत दिली आहे.

३/ आज राज्यशास्त्राचे अभ्यासक ‘सोशल नेटवर्क अ‍ॅनालिसिस’ शिकतात. माणूस म्हणजे बिंदू, संबंध म्हणजे रेषा. एरवी न जुळणाऱ्या दोन गटांना जोडणारा बिंदू विशेष बलवान असतो. एका बाजूला साहेब व बाजार, दुसऱ्या बाजूला टोळी. हरीसिंगाचे बळ या मधल्या जागेत होते.

४/ जेकब मोरेनो यांनी १९३४ साली अशा आकृत्या पुस्तकरूपाने मांडल्या. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १८३६ मध्ये, विल्यम स्लीमन यांनी ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी छापल्या होत्या.

५/ या रेषा आल्या कुठून? मुख्यतः माफीच्या साक्षीदारांकडून. त्यांनी दाखवलेली थडगी हिंगोलीत टेलर यांच्यासमक्ष उकरली गेली. प्रेते जमिनीतून निघाली. साथीदारांची नावे मात्र साक्षीदारांच्या तोंडून आली. नावे सांगण्यावर ज्याचा जीव अवलंबून, तो कोणाला गोवील आणि कोणाला वगळील?

६/ १८३६ च्या ३० व्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंध सिद्ध होणे हाच गुन्हा ठरवला; शिक्षा जन्मठेप व सक्तमजुरी. विशिष्ट खुनाचा पुरावा आवश्यक उरला नाही. नकाशावरील रेषाच आरोप झाली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या समाजांवर जन्मावरून शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले.

७/ संगणक आज क्षणार्धात हजारो बिंदू जोडतो. पण प्रत्येक रेषेमागे कोणाची तरी साक्ष असते. ती कोणी, कोणापुढे आणि कशाच्या भयाने दिली, हे आकृती सांगत नाही. ते शोधणे हे इतिहासाचे काम आहे.