कार्नेट: परदेशी जाणाऱ्या गाडीचा पासपोर्ट

पनवेलहून न्हावा शेवा बंदर जवळच. एमएच ४६ पासिंगची गाडी तिथून कंटेनरने दुबईला उतरवून पुढे इराणमार्गे फिरायचे कुणी ठरवले, तर पहिला प्रश्न येतो आयात शुल्काचा. ते भरावे लागत नाही, त्याची हमी द्यावी लागते. ही हमी म्हणजे कार्नेट नावाचे पुस्तक. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन (स्थापना १९१९) ते देते. मुदत एक वर्ष. त्याआधी बँक गॅरंटी द्यावी लागते आणि पैसा अडकतो तो इथेच.

पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टम अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा. तिसरा शिक्क्यांसह पुस्तकातच राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला, तर कागदोपत्री गाडी त्याच देशात राहते आणि शुल्काची मागणी गॅरंटीवर येते. नाक्यावर कुणी घाईने ‘जा, जा’ म्हटले, तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नये. परदेशात गाडी परस्पर विकताही येत नाही.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र लागते. चालकाला आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना, तोही वर्षभराचाच. बंदरावरचे शिपिंग बिल कस्टम हाउस एजंट भरतो. त्यातला चासी क्रमांक आरसीशी पडताळून घ्यावा, कारण एका आकड्याची चूकही गाडी अडवते.

नेपाळला मात्र कार्नेट नको. सीमेवर दिवसांच्या हिशेबाने ‘भन्सार’ भरावा लागतो.