केराच्या टोपलीतला ज्ञानकोश



ज्ञानकोश हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे डॉ. केतकर येतात, वाईचे तर्कतीर्थ येतात, आणि कपाटात ओळीने उभे असलेले जाडजूड खंड येतात. आज मी ज्या ज्ञानकोशाबद्दल बोलणार आहे तो व्हिडिओ गेमचा आहे. आणि त्यातही टिकून राहिलेल्या मजकुराबद्दल नव्हे, तर खोडून टाकलेल्या मजकुराबद्दल. कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय वाचून काहींनी नाक मुरडले असेल. कामगार चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने पोरांच्या खेळावर का बोलावे? माझे उत्तर असे की, बिनपगारी कामाचा एवढा मोठा कारखाना जगात क्वचितच दुसरा सापडेल, आणि त्या कारखान्याचा इतिहास त्याच्या दर्शनी दालनापेक्षा त्याच्या केरात अधिक वाचायला मिळतो.

प्रथम या कारखान्याची यंत्रे समजून घेऊ. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी एक संकेतस्थळ उघडले. त्याचे वैशिष्ट्य एवढेच की, पान वाचणाऱ्यालाच ते पान दुरुस्तही करता येई. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस होती. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. तेच नाव त्याने उचलले. पुढे १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया निघाला तो याच तत्त्वावर. त्या मंडळींनी त्याआधी न्यूपीडिया नावाचा तज्ज्ञांचा कोश काढला होता. त्यात एकेका लेखाची सात पायऱ्यांनी तपासणी होई, आणि सुमारे तीन वर्षांत पुरे झालेले लेख निघाले दोन डझनांच्या आसपास. विकिपीडियात पहिल्या वर्षाअखेरीसच वीस हजारांच्या घरात लेख जमले. दार सताड उघडे ठेवले की माणसे येतात, आणि त्यांच्या वहाणांबरोबर चिखलही येतो.

हा चिखल रोज झाडून काढावा लागे. झाडणाऱ्यांच्या लक्षात आले की, केरात काही चिजा अशा आहेत की टाकवत नाहीत. म्हणून २००१ सालीच त्यांनी एक पान उघडले. त्याचे इंग्रजी नाव मराठीत सांगायचे तर ‘फुसके विनोद आणि इतर खोडलेला खुळेपणा’ असे होईल. लेखातून काढलेली गमतीची वाक्ये या टोपलीत ठेवायची. टोपली वाढत गेली आणि तिला उपपाने फुटली. पुढे इतर विकींनीही हीच चाल उचलली. त्यांपैकी एक म्हणजे २००५ साली खेळाडूंनीच स्थापन केलेला सुपर मारिओ विकी. आजचा विषय मुख्यतः त्याच्याच जातीचा.

ज्यांनी मारिओ पाहिला नाही त्यांच्यासाठी चार शब्द. जपानमधील क्योतो शहरी १८८९ साली खेळायचे पत्ते बनवणारा एक उद्योग निघाला. त्याचे नाव निंतेंदो. याच कंपनीने १९८१ साली ‘डाँकी काँग’ हा खेळ काढला. त्यातला उड्या मारणारा मिशीवाला माणूस सुतार होता. कंपनीच्या अमेरिकेतील गोदामाच्या मालकाच्या नावावरून त्याला मारिओ हे नाव मिळाले, आणि १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’ या खेळात तो प्लंबर झाला. जगातला सर्वांत प्रसिद्ध प्लंबर कोण असे विचारले तर पोरे याचेच नाव घेतील. त्याचे पाने-पकड कोणी पाहिलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता अडचण पाहा. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाबरोबर कंपनीने जी माहितीपुस्तिका दिली, तीत लिहिले आहे की, दुष्ट राजाने काळी जादू करून अळंब्यांच्या राज्यातील शांतताप्रिय प्रजेचे दगड, विटा आणि झाडेझुडपे करून टाकली. म्हणजे मारिओ ज्या विटा डोक्याने फोडतो ती मुळात माणसे की काय? हा अधिकृत मजकूर आहे, म्हणून तो कोशात राहतो. त्याच शेजारी कोणा बारा वर्षांच्या पोराने लिहिलेले असते की अमक्या किल्ल्यामागे मारिओचा भाऊ लपलेला आहे. ते खुळचट ठरते आणि खोडले जाते. खरे इतके अचाट असताना खोटे ओळखायचे कसे? सामान्य ज्ञानकोशात संपादकाला अक्कल तरी उपयोगी पडते. येथे अक्कल बाजूला ठेवून पुरावा मागावा लागतो.

टोपलीत जमणाऱ्या मालाचे दोन वर्ग पडतात. पहिला जाणूनबुजून केलेल्या खोडसाळपणाचा: पान पुसून शिवी लिहायची, राजपुत्रीच्या चरित्रात आपल्या मास्तरांचे नाव घालायचे. हा माल मला कंटाळवाणा वाटतो. शाळेच्या मुतारीची भिंत ज्याने वाचली आहे त्याला त्यात नवे काही नाही. दुसरा वर्ग मात्र अस्सल. यातल्या लेखकाला विनोद करायचाच नसतो. तो जीव ओतून लिहीत असतो. एखादा लेख ज्ञानकोशाच्या थाटात सुरू होतो आणि तिसऱ्या वाक्याला लेखक विचारतो की या नदीपलीकडे मला जाता येत नाही, कोणी मदत कराल का? दुसरा एका राक्षसाची उंची, वजन, स्वभाव यांचे वर्णन करता करता त्याची बाजू घेऊन इतर वाचकांशी भांडू लागतो. तिसरा गूम्बा नावाच्या अळंबीसारख्या तपकिरी प्राण्याबद्दल शवविच्छेदनाच्या अहवालाइतक्या गांभीर्याने सांगतो की, डोक्यावर पाय दिला असता तो मरतो आणि याचे कारण पाय देणे हेच असावे. हसू येते ते चुकीला नव्हे. पोर वडिलांचा कोट घालून उभे राहिले आहे आणि बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबताहेत, ते पाहून हसू येते.

आणि हा प्रकार पोरांपुरता आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील वेब्स्टरच्या थोरल्या शब्दकोशात १९३४ साली ‘डॉर्ड’ असा एक शब्द छापला गेला. अर्थ दिला होता घनता. वस्तुतः १९३१ साली रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी पाठवली होती, तिचा आशय एवढाच होता की, मोठा ‘डी’ किंवा छोटा ‘डी’ हे घनतेचे संक्षिप्त चिन्ह आहे. ‘डी ऑर डी’ ही इंग्रजी अक्षरे कोणी तरी जोडून वाचली आणि विद्वानांच्या डोळ्यांदेखत एक शब्द जन्माला आला. १९३९ साली एका संपादकाला शंका आली, कारण या शब्दाला व्युत्पत्तीच नव्हती! पुढे तो काढून टाकला. आज त्या कोशातील हजारो बिनचूक शब्दांपेक्षा हा एक चुकलेला शब्द अधिक प्रसिद्ध आहे, आणि कोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या कशा फिरत हे आपल्याला कळते तेही त्याच्यामुळेच.

खुळेपणा टाकण्यापूर्वी जपून ठेवावा, याला दुसरेही एक कारण आहे. १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर दोन’ हा मारामारीचा जपानी खेळ आला. त्यातला ऱ्यू नावाचा मल्ल जिंकल्यावर म्हणतो की माझा ‘चढत्या ड्रॅगनचा ठोसा’ मोडल्याशिवाय तुझी धडगत नाही. इंग्रजी करणाऱ्याने त्या ठोशाच्या नावातली चिनी अक्षरे चिनी उच्चाराने वाचली आणि ‘शेंग लाँग’ नावाच्या माणसाला हरवावे लागेल, असे वाक्य तयार केले. झाले! हा शेंग लाँग कोण, म्हणून पोरे त्याला धुंडाळू लागली. एप्रिल १९९२ मध्ये एका अमेरिकन मासिकाने थट्टेखातर त्याला गाठण्याची कृती छापली. ती अशी की कोणाला जमूच नये. इतर नियतकालिकांनी ती खरी मानून उचलली. आणि १९९४ साली त्याच मालिकेच्या पुढच्या खेळात अवचित समोर येणारा एक गुप्त मल्ल खरोखरच अवतरला; त्याचे मूळ या अफवेत आहे असे अनेक जाणकार मानतात. भाषांतरकाराची चूक, तिच्यावर मासिकाची थट्टा, आणि थट्टेतून खरा माल. हा वंशवृक्ष काढायचा तर खोडलेली पानेच उघडावी लागतात.

मारिओच्या भावाचेही असेच. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये एका अंगणात दगडी पाटी आहे. तिच्यावरची अक्षरे इतकी पुसट की पोरांनी ती ‘एल इज रिअल २४०१’ अशी वाचली आणि भाऊ लुइजी खेळात दडला आहे असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी एका गेमविषयक संकेतस्थळाने पुराव्यासाठी शंभर डॉलरचे बक्षीस लावले; ते कोणाला मिळाले नाही. छापलेल्या खेळात लुइजी नव्हताच. परंतु जुलै २०२० मध्ये कंपनीच्या आतल्या फायली बाहेर फुटल्या, आणि त्यांत त्या खेळासाठी घडवलेल्या लुइजीचे अवशेष निघाले. तो घडवला होता आणि नंतर वगळला होता. म्हणजे पोरांनी दाखवलेला पत्ता चुकीचा होता, पण माणूस खरा होता. हिशेबी लोकांनी असेही मोजून काढले की खेळ निघाल्यापासून २४ वर्षे आणि १ महिना झाला होता. या २४०१ ला मी पोथीपंचांगाइतकेच महत्त्व देतो.

आता भांडणाकडे वळू. विकिपीडियाच्या टोपलीवर दोन आरोप होते. पहिला असा की, ती खोडसाळांची जाहिरात करते. ज्याला चापट मारायची त्याला आपण हार घालतो. २००६ च्या सुमारास हा युक्तिवाद जोरात होता. दुसरा आरोप कायद्याचा होता, आणि माझ्या मते तोच खरा. विकिपीडियाचा मजकूर त्या वेळी ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली असे. मजकूर कोणीही न्यावा, छापावा, विकावादेखील. पण लिहिणाऱ्यांची नोंद बरोबर न्यावी, असा त्याचा दंडक. १ मे २००३ रोजी, म्हणजे कामगार दिनी आणि महाराष्ट्र दिनी, सुरू झालेला मराठी विकिपीडिया उघडून पाहा. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ असे एक दार दिसेल. आत कोणी केव्हा कोणता शब्द घातला याचा हजेरीपट असतो. टोपलीत वाक्ये आली होती ती लेखातून उचलून. मूळ लेख खोडले गेले तेव्हा त्यांचे हजेरीपटही त्यांच्याबरोबर नजरेआड झाले. विनोद राहिले, विनोद करणारे गेले. २००७ साली याच कारणावरून एका व्यवस्थापकाने टोपलीची बहुतेक सारी पाने पुसून टाकली. हलकल्लोळ झाला; पुढे काही भाग वेगळ्या नावाने परत आला.

अनेकांना हा निव्वळ कारकुनी हटवाद वाटला. मला तसे वाटत नाही. कंत्राटी कामगाराचे नाव मस्टरवर नसले तर तो कामावर होता हे सिद्ध करता करता त्याची उमेद संपते. असे खटले आम्ही वर्षानुवर्षे लढवले आहेत. काम वाईट झाले म्हणून हजेरी मांडायची नाही, असा नियम कोणत्याही कारखान्यात चालणार नाही. फुसका विनोद करणाऱ्यालाही ‘हा माझा’ म्हणण्याचा हक्क आहे. मात्र उपाय म्हणून सगळी टोपलीच जाळणे, हे मस्टर अपुरे सापडले म्हणून कामगारांना काढून टाकण्यासारखे झाले. नावे शोधून लावायला हवी होती. पुसलेल्या पानांचे हजेरीपट नष्ट झालेले नव्हते. ते व्यवस्थापकांना दिसत होते, इतरांना दिसत नव्हते.

हे कुलूपबंद कपाट गेमच्या विकींवर पुढे कसे महाग पडले, ते ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या कोशावरून कळते. तो २००४ साली खेळाडूंनी सुरू केला आणि २००७ मध्ये विकिया या कंपनीच्या छपराखाली नेला. कंपनीला उत्पन्न जाहिरातींचे. लिहिणाऱ्यांना मजुरी शून्य. २०१० साली कंपनीने सर्व विकींवर नवी मांडणी लादली तेव्हा लिहिणारे उठले आणि कोशाची प्रत काढून दुसरीकडे बिऱ्हाड केले. जुनी प्रत मात्र कंपनीकडे राहिली. २०१८ च्या डिसेंबरात त्याच कंपनीने, तिचे नाव तोवर फँडम झाले होते, ते दुसरे घरही विकत घेतले! मालकाला सोडून गेलेल्या कामगारांची नवी चाळच मालकाने खरेदी करावी, असा हा प्रकार. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही मंडळी पुन्हा बिऱ्हाड उचलून तिसरीकडे गेली.

अशा प्रत्येक स्थलांतरात सर्वांना उघडी असलेली पाने त्यांच्या हजेरीपटांसह उचलून नेता येतात. खोडलेले लेख सार्वजनिक प्रतीत येत नाहीत. ते ज्याच्याकडे कपाटाची किल्ली त्याच्याकडे राहतात. टोपलीत उघड्यावर ठेवलेला खुळेपणा तेवढा बैलगाडीत चढतो.

जाता जाता आमच्या प्लंबरची खबर. सप्टेंबर २०१७ मध्ये निंतेंदोच्या जपानी संकेतस्थळावर त्याच्या परिचयात असे वाक्य आढळले की, फार पूर्वी हा प्लंबरचे काम करीत असे म्हणतात. नोटीस नाही, हिशेब नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी केली की मारिओची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी इंग्रजी संकेतस्थळावर तो पुन्हा प्लंबर असल्याचे दिसले. या बडतर्फीचे वाक्य एखाद्या पोराने विकीवर लिहिले असते, तर ते दहा मिनिटांत टोपलीत गेले असते.