शिक्षणकायद्यातील ‘सबब’: नगर जिल्ह्याच्या संदर्भात अपंग बालकाच्या शालेय हक्काचा विचार

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आधुनिक शिक्षणाचा इतिहास अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. 1831 मध्ये हे मिशन नगरास आले, 1839 मध्ये सिंथिया फरार आल्या, आणि त्यांच्या मुलींच्या शाळेचे नाव पुढे सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाशी जोडले गेले. जन्माने शाळेबाहेर ठेवलेल्यांना शाळेत घेणे हा या इतिहासाचा अभिमानास्पद भाग होय. परंतु अंध वा बधिर मूल या वृत्तान्तात जवळजवळ आढळत नाही. 1899-1900 च्या भीषण दुष्काळानंतर याच मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली, ती मुंबईत. बधिर मुलांची शाळाही माझगावला 1885 च्या सुमारास सुरू झालेली होती. नगरकडील खेड्यातल्या अशा मुलाने शिकायचे तर प्रथम घर सोडावयाचे, असा शिरस्ता तेव्हापासून पडला.

शहरातील या शाळा धर्मादायावर उभ्या होत्या. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो सार्वजनिक शाळेचा. तिच्यात या मुलाला स्थान का मिळाले नाही, याचे उत्तर शोधताना कायद्याची भाषा तपासावी लागते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी 16 मार्च 1911 रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड सांगताना त्यात ‘वाजवी सबबी’ही दिल्या होत्या: आजारपण, अशक्तता, घरची निकड, शेतीचा हंगाम आणि तत्सम पुरेशी कारणे. ‘अशक्तता’ या एका शब्दात आंधळे, पांगळे, मुके सारे सामावून जात. येथे लक्षणीय गोष्ट अशी की, आपले विधेयक मुख्यतः 1892 च्या आयरिश कायद्यावर आणि काही अंशी 1870 व 1876 च्या इंग्लिश कायद्यांवर बेतले असल्याचे गोखल्यांनी स्वतःच सांगितले होते. इंग्लंडने अंध व बधिर मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी स्थानिक शिक्षणसंस्थांवर टाकणारा कायदा केला तो 1893 मध्ये. म्हणजे आदर्श म्हणून घेतलेले तिन्ही कायदे या सुधारणेच्या आधीचे होते. अर्थात गोखल्यांवर याचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. इतके मर्यादित विधेयकही 1912 च्या मार्चमध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले; त्यात आणखी एक जबाबदारी घालणे त्यांना परवडले नसते.

‘सबब’ हा शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ केवळ कारण असा आहे. पेशवाईतील कागदांतही तो याच साध्या अर्थाने येतो. पुढे बोलीत त्याला टाळाटाळीचा वास लागला. शिक्षणाच्या बाबतीत हे अर्थांतर अक्षरशः घडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. पालकाला दंडापासून वाचविण्यासाठी दिलेले कारण शासनाला कर्तव्यापासून वाचविणारी सबब ठरले. मूल शाळेत नाही, आणि त्यात कोणाचाही अपराध नाही!

स्वातंत्र्यानंतर विचारात पालट झाला. कोठारी आयोगाने (1964-66), ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, अपंगांचे शिक्षण केवळ भूतदयेवर सोडता येणार नाही असे बजावले. तथापि 1986 पर्यंत अंध, बधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी सुमारे 15 टक्के, आणि मतिमंद म्हटल्या जाणाऱ्यांपैकी 5 टक्के, एवढेच उद्दिष्ट आयोगाने पुढे ठेवले. सर्वसामान्य शाळेत या मुलांना सामावून घेण्याची केंद्रीय योजना 1974 मध्ये निघाली, तीही समाजकल्याण खात्याकडून; शिक्षणखात्याकडे ती 1982 मध्ये आली.

खात्यांची ही फाळणी जिल्ह्याच्या पातळीवर अधिक जाणवते. 1961 च्या अधिनियमाने जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या शिक्षण विभागाकडे आल्या. विशेष शाळांचा कारभार मात्र समाजकल्याणाकडे राहिला. राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग 2022 च्या डिसेंबरमध्ये झाला, त्यामुळे दर्जा वाढला खरा, पण शिक्षणखात्यापासूनचे अंतर कायमच आहे. एका घरातील दोन भावंडांपैकी एक ‘विद्यार्थी’ आणि दुसरा ‘लाभार्थी’ ठरतो, ही परिस्थिती शब्दांच्या अभ्यासकाला तरी नजरेआड करता येणार नाही. ‘पांगळा’, ‘अपंग’, ‘विकलांग’, ‘दिव्यांग’ अशी नावे पालटत गेली. त्या मानाने नोंदवही फारशी पालटली नाही.

1995 च्या कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती होऊन अपंग बालकांचा वंचित गटात स्पष्ट समावेश झाला. त्याच दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र विकलांग बालकांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. पर्याय हा हक्कच आहे, परंतु दुसरी वाट उपलब्ध असेल तरच. शाळेला उतार नाही, वाहन नाही, ब्रेल जाणणारा शिक्षक नाही, अशा ठिकाणी ‘गृहाधारित शिक्षण’ हे जुन्या सबबीचे नवे नाव होण्याचा धोका संभवतो. 2016 च्या कायद्याने नजीकची शाळा किंवा विशेष शाळा यांपैकी निवड मुलाच्या बाजूने ठेवली आहे, तिचा अर्थही याच कसोटीवर लावावा लागेल.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. अकोल्याच्या डोंगरातील पाडा आणि जामखेडकडील वस्ती यांना एकच माप लावता येत नाही. पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले तर वर्षातील काही महिने गावातही नसतात. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरील स्तरावर पंधरांमागे एक असे ठरविले, आणि पदे निर्माण करण्याबाबत राज्यांना 2025 च्या मार्चमध्ये पुन्हा बजावले. पण एका वस्तीशाळेत असे मूल बहुधा एखादेच असते. दहांचा हिशेब तेथे शाळेवर न करता केंद्रातील सर्व शाळा मिळून करावा लागेल, आणि त्या शिक्षकाच्या प्रवासाचा खर्च त्याच्या वेतनाबरोबरच शिक्षण विभागाच्या अंदाजपत्रकात धरावा लागेल.