कौलांवरचे शेवाळ आणि आगोटीची शाकारणी

दक्षिण कोकणात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळत असल्याने तेथील छपरे दीर्घकाळ ओली राहतात व भाजलेल्या मातीच्या कौलांवर शेवाळ धरते. प्रारंभी नीलहरित सूक्ष्मजीवांचा व शैवलांचा पातळ काळपट थर बसतो आणि त्यावर धूळ व कुजका पालापाचोळा साचला की हरिता, म्हणजे खरी मुळे नसलेली मखमली हिरवी वनस्पती, वाढू लागते. बोलीभाषेत या सर्वांना मिळून शेवाळ असेच म्हटले जाते. हे शेवाळ काढण्याची रीत काळानुसार बदलत गेली, आणि त्या बदलाचे कारण शेवाळात नसून कौलाच्या घडणीत होते.

मंगळुरी कौले येण्यापूर्वी कोकणातील कौलारू घरांवर प्रामुख्याने नळे असत. नळा म्हणजे अर्धगोल पन्हळीच्या आकाराचे कौल. कुंभार चाकावर मातीचे नळकांडे घडवी, ते ओलसर असतानाच उभे चिरून त्याचे दोन भाग करी आणि वाळल्यावर ते भट्टीत भाजी. गावठी भट्टीत आच सर्वत्र सारखी लागत नसल्याने काही नळे कच्चे राहत. असे सच्छिद्र कौल अधिक पाणी शोषते, उशिरा वाळते आणि म्हणून त्यावर शेवाळही लवकर धरते. नळ्यांची एक ओळ उताणी व तिच्या सांध्यावर दुसरी पालथी अशी मांडणी असे. त्यांना परस्परांत अडकवणारी खाच नसल्याने वारा, माकडे व मांजरे यांच्यामुळे ते सरकत. सांध्यात वाढलेले शेवाळ पाणी धरून ठेवी व त्याला आतल्या बाजूस वळवी, त्यामुळे एकही नळा फुटलेला नसताना घर गळू लागे.

या दोषावरील उपाय म्हणजे शाकारणी. गवत, पेंढा किंवा कौले यांचे छप्पर पावसाळ्यापूर्वी नीट करून घेणे, असा या शब्दाचा अर्थ आहे. आगोट, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचा काळ, जवळ आली की मृग नक्षत्र लागण्याआधी नळे उतरवले जात, फुटके बाजूला काढले जात, वासे व रीपा यांना वाळवी लागली आहे का ते पाहिले जाई आणि चांगले नळे झाडून पुन्हा मांडले जात. वैशाखाच्या उन्हात शेवाळ वाळून कडक होते व कौलावरील त्याची पकड सैल पडते, त्यामुळे केवळ खरवडून व झाडून ते निघते. पाणी किंवा औषध लागत नाही. म्हणजेच शेवाळ काढणे हे त्या काळी स्वतंत्र काम नव्हते, तर छप्पर उलगडून पुन्हा रचण्याच्या वार्षिक कामातच ते आपोआप उरकत असे.

ही व्यवस्था मंगळुरी कौलाने बदलली. परस्परांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट आल्सेसमधील जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये घेतले होते. पुढे बाझेल मिशनचे जर्मन मिशनरी गेओर्ग प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ही कौले समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोचली. साच्यात दाबून घडवलेले व बंदिस्त भट्टीत एकसारखे भाजलेले हे सपाट कौल कडेच्या खाचांमुळे शेजारच्या कौलात बसते आणि खालच्या गाठींमुळे रीपेला अडकते, शिवाय एक चौरस मीटर छपराला अशी सुमारे 15 कौले पुरतात. ते सहसा सरकत नसल्याने सगळे छप्पर दरवर्षी उतरवण्याची निकड उरली नाही, व शाकारणी अनेक घरी फुटकी कौले बदलण्यापुरती राहिली.

मात्र कौल जागचे हलेनासे झाले, तसे त्याच्यावरील शेवाळही वर्षानुवर्षे तसेच राहू लागले. विशेषतः झाडांच्या सावलीतल्या व उत्तरेकडच्या पाख्यांवर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंवर, त्याचे थर जमले आणि पूर्वी अंगभूत असलेली सफाई आता वेगळी करावी लागली. अलीकडे त्यासाठी विरंजक द्रव व पाण्याचा जोरकस फवारा वापरला जातो. विरंजकाने शेवाळ मरते, परंतु ओल कायम असल्यास ते पुन्हा धरते. जोरकस फवाऱ्याने तर कौलाचा भाजलेला घट्ट पृष्ठभाग झिजतो, आणि असे खरबरीत झालेले कौल पुढच्या पावसात अधिक पाणी व अधिक शेवाळ धरते. जुन्या पद्धतीत श्रम पुष्कळ होते आणि उतरवताना काही नळे फुटतही, तथापि कोरड्या दिवसांची निवड व प्रत्येक कौलाची हाताने केलेली पारख यांमुळे शेवाळ हटवताना कौलाची हानी तुलनेने कमी होत असे. मंगळुरी कौलाने शाकारणीचे श्रम वाचवले, पण त्या श्रमांतच सामावलेली देखभाल मात्र त्याला भरून काढता आली नाही.