आम्लाचे भांडे

गंधकाम्लाचा इतिहास लिहिताना ते बनवायचे कसे, यावर पाने भरतात. ठेवायचे कशात, हा प्रश्न तळटिपेत जातो. माझ्या मते क्रम उलटा हवा. हे आम्ल स्वस्त झाले ते त्याला भांडे सापडले म्हणून.

१७३६ च्या सुमारास लंडनजवळ ट्विकनॅमला जोशुआ वॉर्ड काचेच्या मोठ्या गोलांत पाण्यावर गंधक आणि सोरा जाळून आम्ल बनवू लागला. (औषधी गोळ्या विकणारा हा माणूस वैदूगिरीबद्दल बदनाम होता, पण या कामात तो अस्सल निघाला.) काच आम्लाला दाद देत नाही, पण फुटते, आणि हवी तेवढी मोठी फुगवताही येत नाही. १७४६ मध्ये बर्मिंगहॅमला डॉ. जॉन रोबकने सॅम्युएल गार्बेटच्या भागीदारीत काचेऐवजी शिशाच्या पत्र्याच्या पेट्या वापरल्या. पुढे पेट्यांच्या खोल्या झाल्या.

शिसेच का? आम्ल शिशाला चावतेच. पण पहिल्या चाव्यातच लेड सल्फेटची न विरघळणारी साय धरते आणि पुढचे खाणे थांबते. आम्ल आटवून ७८-८० टक्क्यांच्या पुढे नेऊ लागले की मात्र तापलेले आम्ल ती सायच विरघळवते. म्हणून शेवटचे आटवणे काचेच्या बकपात्रांत होई, आणि १९ व्या शतकाच्या आरंभापासून प्लॅटिनमच्या भांड्यांतही. वोलॅस्टनने घडवण्याजोगे केलेले प्लॅटिनम या कामी आले. कापड विरंजनाला लागणारे स्वस्त आम्ल अशा मोलाच्या धातूत शिजत होते, याची मला फार गंमत वाटते.

लोखंडाची गोष्ट याहून विचित्र. सौम्य आम्लात लोखंडाचा कीस टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेले असते. संपर्क पद्धतीने थेट तीव्र आम्ल मिळू लागल्यावर तेच आम्ल, ९३ ते ९८ टक्क्यांचे, साध्या पोलादी टाक्यांत साठवले जाऊ लागले. इथेही सायच राखण करते, फक्त लोहाच्या सल्फेटची. ती नाजूक असते. नळातून आम्ल सेकंदाला मीटरभराहून वेगाने वाहिले तर खरवडून निघते. शिवाय हे आम्ल हवेतले बाष्प ओढून घेते. झाकण सैल असेल तर वरचा थर सौम्य होतो आणि पोलाद खाऊ लागतो.

खरा धोका टाकी रिकामी झाल्यावर. धुण्यासाठी पाणी सोडले की तळाचे उरलेसुरले आम्ल सौम्य होते, पोलादातून हायड्रोजन सुटतो आणि छताखाली साठतो. डागडुजीला आलेल्या वेल्डरची एक ठिणगी पुरते. अशा स्फोटांत माणसे गेली आहेत. वर्षानुवर्षे आम्ल निमूटपणे सांभाळणारी टाकी पाण्याने फुटते. म्हणून जाणते कारखानदार ठिणगीचे काम सुरू करण्याआधी टाकीच्या आतली हवा मोजतात, आणि काम चालू असतानाही मोजत राहतात.